जन्मतारीख: १ जून

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

एक्कावन्नाव्या वर्षी गळ्यात नवं ओळखपत्र. माझ्या लेकीने, सलोनीने, सकाळी मला दारात उभं करून फोटो काढला, जणू मी शाळेत चालले आहे, आणि नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपांवर टाकला. गिरगावातून बसने पाऊण तासात पोचले. वेळेच्या वीस मिनिटं आधी.

ऑफिस लालबागला आहे, एका जुन्या औद्योगिक इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. खालच्या गल्लीत मसाला कुटतात. खिडकी उघडली की पहिली पाच मिनिटं सगळे शिंकतात, मग सवय होते म्हणे. ट्रस्टचं नाव इथे लिहीत नाही, कारण गोपनीयतेच्या कागदावर सही केली आहे. गिरणगावातले जुने कामगार, त्यांच्या बायका, कॉटन ग्रीन-शिवडीकडच्या मासे विकणाऱ्या बाया, अशा लोकांना हा ट्रस्ट औषधं आणि आरोग्यकार्ड देतो. त्या सगळ्यांची यादी संगणकात आहे. ती सांभाळायची मी.

फोर्टमध्ये एका जहाज कंपनीच्या एजंटाकडे मी सव्वीस वर्षं फायली लावल्या. दोन वर्षांपूर्वी ते ऑफिस बंद झालं. त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, माझे यजमान हेमचंद्र गेले. दुपारी प्रेसच्या जिन्यात बसले आणि उठलेच नाहीत. तेव्हा मी रडले नव्हते. नंतरही नाही. लोकांना वाटलं धीराची आहे. खरं म्हणजे मला काही वाटतच नव्हतं, दातात इंजेक्शन दिल्यावर गाल जसा होतो तसं सगळं होतं. अजून आहे.

सलोनीनेच मला दादरच्या क्लासमध्ये घातलं. सहा महिने, शनिवार-रविवार. वर्गात सगळी मुलं तिच्याहून लहान, मला काकू म्हणायची. पहिले तीन आठवडे एसक्यूएल म्हणजे काय ते कळेना. मग सर म्हणाले, काकू, हे तुमचं फायलींचं कपाटच आहे, फक्त उठावं लागत नाही. त्या दिवसापासून कळायला लागलं. सिलेक्ट म्हणजे फाइल काढून बघायची. अपडेट म्हणजे आत खाडाखोड करायची. डिलीट म्हणजे फाडून टाकायची. आणि शेवटी कमिट म्हणजे साहेबांची सही. सही झाली नाही तर काहीच झालेलं नाही.

डेटाबेस सांभाळणाऱ्याने रोज वही लिहावी, असं सर सांगायचे. म्हणून ही वही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज काउंटरवर बसले. तिथे दर्शना असते, परळची, चाळिशीची, हात आणि तोंड दोन्ही सारख्याच वेगाने चालतात. माणसं बघितलीत की यादी समजेल, असं अनुजा म्हणाली. अनुजा आमची प्रमुख, वय एकोणतीस. मला ललिताताई म्हणते आणि काम देताना आधी सॉरी म्हणते.

चिंचपोकळीचे परबकाका आले होते. डावा पाय ओढत चालतात, साखरेच्या गोळ्या न्यायला येतात. कान तिखट आहेत. आम्ही काउंटरमागे हळू बोलत होतो तर लांबून उत्तर दिलं. बायको सोबत होती. गोळ्यांची पिशवी ती धरते, काठी ते धरतात.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज काउंटरवर एक पेटीवाले आजोबा आले. लालबागचेच, ताठ चालतात, एकटेच राहतात. ठार बहिरे, पण तोंडाने सतत काहीतरी गुणगुणत असतात आणि बोटं बाकावर पेटी वाजवत असतात. इतकी वर्षं भजनाला साथ केली, कान गेले तरी बोटांना सूर ठाऊक आहेत, असं दर्शना सांगत होती. आले की सगळ्यांकडे बघून हसतात. दर्शनाने त्यांच्या नोंदीत शेरा लिहून ठेवला आहे: हसतमुख.

यादीत एकेचाळीस हजार ओळी आहेत. एका माणसाची एक ओळ. ओळीत अकरा रकाने: नोंद क्रमांक, नाव, मधलं नाव, आडनाव, जन्मतारीख, पत्ता, फोन, आजार, पहिलं अपत्य, दुसरं अपत्य, शेरा. माणसं मात्र छत्तीस हजारांच्या वर नसावीत. तीन जुनी रजिस्टरं एकत्र टाइप केल्यामुळे बरीच नावं दोनदा आली आहेत. ती जुळवून दोन ओळींची एक करायची, हे माझं पहिलं काम. नियम ठरलेला आहे. नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की जोडी धरायची. ज्या ओळीत अलीकडे बदल झाला ती राहते. तिचे रिकामे रकाने दुसरीतून भरायचे. दुसरी डिलीट.

एक गोष्ट बघून हसू आलं. निम्म्या यादीची जन्मतारीख एक जून. शाळेत घालताना मास्तर जी घालायचे तीच. माझीसुद्धा. आई म्हणायची मी कोजागिरीच्या आसपासची, पण कागदावर १ जून १९७४. आम्हा कर्मचाऱ्यांनाही कार्ड मिळतं, त्यामुळे सोमवारी माझीही ओळ यादीत भरली गेली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज पहिली जोडी एक केली. रामचंद्र परब आणि रामचंद्र परब, दोघांची १ जून १९५२. एक पत्ता चिंचपोकळी, एक लालबाग. पत्ते वेगळे म्हणून मी अनुजाला विचारलं. ती म्हणाली, लोक खोल्या बदलतात ताई. चिंचपोकळीची ओळ राहिली, तिचा आजाराचा रिकामा रकाना दुसरीतून भरला, बहिरेपणा, आणि लालबागची गेली. दोनदा तपासून कमिट केलं. अनुजाने सगळ्यांना चहा सांगितला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

परबकाका आले. डावा पाय ओढत. मी नमस्कार केला तर त्यांनी कानामागे हात धरला. ऐकू येत नव्हतं. गोळ्या मिळेपर्यंत बाकावर बसले आणि गुणगुणू लागले. बोटं बाकावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली, पण हलेनात.

मी दर्शनाला विचारलं, यांना परवापरवापर्यंत ऐकू येत होतं ना? ती म्हणाली, छे, ते पहिल्यापासून बहिरे. मग पेटीवाले आजोबा कुठले? तेच हे, ती म्हणाली. परबकाकाच पेटी वाजवायचे.

मला तिचं पटलं. आठवतही तसंच होतं, एकच म्हातारा, लंगडा आणि बहिरा. जेवणाच्या सुट्टीत सहज वहीची मागची पानं वाचली. मंगळवार, ४ तारीख. गुरुवार, ६ तारीख. माझ्याच अक्षरात दोन माणसं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

ऑफिसला जायच्या आधी चिंचपोकळीला गेले. स्टेशनजवळच्या वर्कशॉपमागे चाळ आहे, परब दुसऱ्या मजल्यावर. त्यांच्या बायकोने चहा केला. ते घरात नव्हते. सकाळी लालबागला जातात आणि तिथे एका बंद खोलीत बसून येतात, असं ती म्हणाली. खोली कोणाची ते तिला माहीत नाही, पण किल्ली यांच्याकडे आहे. कधीपासून, असं विचारल्यावर तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, पहिल्यापासूनच असेल.

निघताना ते जिन्यात भेटले. मी मोठ्याने विचारलं, कसे आहात. ते म्हणाले, "पेटी पुढ्यात घेतो. सगळं येतं मला, मॅडम. पण ही बोटं कोणाची आहेत कळत नाही."

अनुजाला सांगितलं. तिने यादी उघडून दाखवली. परब एकच आहेत ताई, बघा ना. नव्या कामाचा ताण येतो, म्हणाली, आणि सॉरी म्हणाली.

मी घाबरायला हवं होतं. डबा खाल्ला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दर्शनाने काउंटरवरून हाक मारली, ललिता नाईक. मी टेबलावरून उठले आणि बाकावरून एक बाई उठली.

माझ्याच उंचीची, पण हाडापेराने मजबूत. कॉटन ग्रीनला राहते, सुकी मासळी विकते. नवरा रामदास बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, मुलगा हितेश बर्फाच्या कारखान्यात आहे. फोन नंबर बदलून घ्यायला आली होती. आम्ही दोघी एकाच फॉर्मवर वाकलो.

"तूपण ललिता नाईक?" तिने विचारलं. "आणि तारीख?"

"एक जून."

"साल?"

"चौऱ्याहत्तर."

ती टेबलावर हात आपटून हसली. "अगो बाय, मास्तरानं दोघींना एकाच दिवशी जन्माला घातलं की."

जाताना तिने माझा हात धरला. तिच्या हाताला मिठाचे चरे होते. म्हणाली, एकदा घरी ये जेवायला, बोंबील करीन. आपण दोघी एकाच नावाच्या, तेव्हा लाजायचं नाही. दोन वर्षांत मला कोणी असं जेवायला बोलावलं नव्हतं. बोलावलंही असेल, मला आठवत नाही.

ती गेल्यावर मी एक जूनच्या, पण पत्ते वेगळे असलेल्या सगळ्या जोड्या काढल्या. दोनशे बारा. आमची एकशे चाळिसावी. प्रत्येक जोडीपुढे ‘वेगळे’ अशी खूण केली म्हणजे कोणी त्यांना हात लावणार नाही. करेपर्यंत ऑफिस बंद व्हायची वेळ झाली. पडद्यावर सगळीकडे ‘वेगळे’ दिसलं. मशीन बंद केलं आणि निघाले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

दुपारी बॅकअप उघडला. त्यात लालबागच्या परबांची ओळ शाबूत होती. काढून पुन्हा यादीत घातली. कमिट. चिंचपोकळीच्या ओळीतला बहिरेपणाही पुसला. दोन माणसं पुन्हा दोन. क्लासमध्ये याला रिस्टोअर म्हणायचे आणि पहिल्याच झटक्यात जमलं की टाळ्या वाजवायचे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

ते बाकावर बसले होते. पेटीवाले आजोबा. आम्ही आलो त्याआधीपासून, असं वॉचमन म्हणाला. ताठ बसले होते आणि हसत होते.

मला फार बरं वाटलं. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून विचारलं, कसे आहात. त्यांनी वाचलं आणि सांगितलं, रामचंद्र परब. मी लिहिलं, जेवलात का. ते म्हणाले, एक जून एकोणीसशे बावन्न. पेटी कशी आहे, असं लिहिलं. त्यावर त्यांनी खोलीचा पत्ता सांगितला, पिनकोडसकट. बोटं मांडीवर पडली होती. गुणगुणणं नव्हतं. मी आणखी काय काय लिहिलं. त्यांनी आजार सांगितला, फोन नंबर सांगितला, मग पुन्हा नाव.

आणि पूर्ण वेळ हसत होते. दर्शना जेवायला गेली तेव्हा तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघूनही हसत होते.

परत आला तो माणूस नाही. अकरा रकाने परत आले. हसतमुख, असा शेरा होता म्हणून हसतात.

ओळ काढून टाकावी का याचा विचार केला. म्हणजे काय करायचं ते मनात म्हटलं आणि मग तो विचार सोडून दिला. पाच वाजता ते उठले, पत्ता पुटपुटत जिना उतरले.

सोमवार, २४ नोव्हेंबर

परब बाकावर. हसत.
दिवसभर एकही जोडी केली नाही. अनुजाने दोनदा विचारलं. यादी पंधरा डिसेंबरला द्यायची आहे. तब्येत ठीक नाही, असं सांगितलं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

बाक रिकामा होता. दर्शनाला विचारलं, लालबागचे परब आले नाहीत का. ती म्हणाली, कोण लालबागचे? मग कळलं, आणि मी सरळ मशीनपाशी गेले.

काल मी लवकर निघाल्यावर अनुजाने उरलेल्या सगळ्या जोड्या एका झटक्यात एक करून टाकल्या. तुमच्यावर भार नको म्हणून, म्हणाली. ‘वेगळे’ लिहिलेल्यांचं काय, मी विचारलं. ती म्हणाली, ताई, तो रकाना तर रिकामाच होता.

रिकामाच होता. त्या दिवशी मी कमिट केलं नव्हतं. मशीन बंद झालं आणि सगळं पुसलं गेलं. क्लासमधली मुलं पहिल्या महिन्यात करतात ती चूक.

बदलांची यादी बघितली. एकशे चाळिसावी जोडी. ललिता रामदास नाईक, कॉटन ग्रीन. राहिली. तिने अठरा तारखेला फोन बदलला होता ना. ललिता हेमचंद्र नाईक, गिरगाव. डिलीट.

खुर्चीत बसून होते. हात बघितले. माझेच.

तिच्या ओळीत शेरा रिकामा होता, तो माझ्यातून भरला गेला: कर्मचारी. म्हणून मी अजून इथे येते आहे, बहुतेक.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

सकाळी दूध घेऊन वर आले. लॅच ओढली गेली होती. बेल वाजवली. सलोनीने दार उघडलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, कोण हवंय आपल्याला?

मी म्हटलं, सलोनी. ती म्हणाली, हो, मीच. आपण?

दार अर्धंच उघडलं होतं. तिच्या मागे खोली, पंखा, सगळं. तिला भीती वाटत होती. माझी नाही, मला वाटतं. घरात आपण एकट्याच का आहोत, याची. तिचे डोळे सारखे आत जाऊन कोणाला तरी शोधत होते.

दूध तिच्या हातात दिलं. टॅक्सी करून ऑफिस गाठलं. कॉटन ग्रीनच्या ललिताच्या ओळीत पहिलं अपत्य हितेश. दुसरं अपत्य रिकामं. माझी सलोनी माझ्या पहिल्या रकान्यात होती, त्यामुळे कुठेच भरली गेली नव्हती.

दुसऱ्या रकान्यात टाइप केलं: सलोनी. अवतरणचिन्हं तपासली. कमिट. कमिट झालं का ते तपासलं. मशीन बंद करून चालू केलं. पुन्हा तपासलं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

दुपारी सलोनीचा फोन. मला आई म्हणाली. आई, येताना कोथिंबीर आण, आज दादा लवकर येतोय.

मी म्हटलं, आणते.

पायांनी कॉटन ग्रीनची बस पकडली. पर्समध्ये किल्ली होती. लागली.

शनिवार, २९ नोव्हेंबर

बोंबील साफ करता येतात मला. बघितलंही नाही हातांकडे.

रामदास भला माणूस आहे. जेवताना माझ्या ताटात स्वतःच्या वाटणीचा तुकडा ठेवतो. हितेश कमी बोलतो. सलोनी त्याच्याशी भांडते, रिमोटसाठी. रामदासला पप्पा म्हणते. ती आनंदात आहे. ते लिहून ठेवते, कारण ते खरं आहे.

तिच्यासारखी हसते का मी? त्या बाईसारखी? टेबलावर हात आपटून— तिला शोधायला आरशात बघितलं. हातांना चरे आहेत.

रविवार

ही वही कुणाची? पिशवीत गावली. अक्षर माझं नाय, हात माझाच. सगळी वाचली, दोन तास लागले. मला येवढं लिवता येत नाय.

सलोनी माझी पोरगी. बारशाला कोण आलं होतं? कुठं झाली ती? काय आठवत नाय. रामदासला इचारलं, तो म्हणाला काय येड्यासारखं बोलतेस. पोर गुणाची हाय. पण मी हिला जन्म दिलेला नाय, बाय. हितेशला दिला, त्याची कळ आठवते. हिची नाय.

मी जेवायला बोलावलं होतं तुला. असं नाय—

सोमवार, १ डिसेंबर

तिने लिहिलेलं वाचलं. ती पण आहे. ती पण घाबरली आहे. आधी वाटलं होतं ती उरली आणि मी गेले. तसं नाही.

गिरगावला जाऊन आले. किल्ली लागली नाही. शेजारच्या बाईंनी, वीस वर्षांच्या ओळखीच्या, कोण हवंय विचारलं. नाईक, म्हटलं. असे कोणी नाहीत, म्हणाल्या. खोली कधीची बंद आहे.

मशीनपुढे बसले. माझी ओळ बॅकअपमध्ये आहे. परत घालता येईल. मग गिरगावात एक बाई बसेल आणि नाव सांगेल. जन्मतारीख सांगेल. पिनकोड. कोणी सलोनीबद्दल विचारलं तर म्हणेल, सलोनी. बस.

नाही घालायची.

दुसरं एक करता येतं. मधलं नाव. रामदास काढून हेमचंद्र लिहायचं. तेवढाच एक अपडेट. मग सगळं— मग इथे संध्याकाळी एक माणूस घरी येईल आणि दार उघडणारी बाई त्याला विचारेल, कोण हवंय.

रकाना एक. माणसं दोन. त्यातला एक जिवंत आहे.

हात लावला नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

आज सकाळी ऑगस्टमध्ये काय झालं होतं ते आठवेना. जिना आठवला. कोणाचा ते नाही. वही उघडून बघितलं. हेमचंद्र.

शेऱ्याचा रकाना. त्यात ‘कर्मचारी’ एवढंच आहे. मर्यादा अडीचशे अक्षरांची. तिथे लिहिता येईल. त्यासाठी रामदासला काढावं लागत नाही. सलोनीला काढावं लागत नाही. दर्शनाने ‘हसतमुख’ लिहिलं तर माणूस हसत परत आला. मी लिहिलं तर—

निदान मला तरी ठाऊक राहील.

गुरुवार, ४ डिसेंबर

मशीन मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगळं मोजतं. तोंडाने हेमचंद्र म्हटलं तर चार. मशीनला आठ. ‘कर्मचारी’ ठेवावंच लागेल, नाहीतर इथे येणंच बंद. पूर्णविराम आणि मोकळी जागा धरून दहा. उरले दोनशे चाळीस.

तेवीस वर्षांचा संसार, अक्षरं दोनशे चाळीस.

सकाळभर नुसती आठवत बसले. ते मीठ कमी असलं तरी सांगत नसत, नुसते पाणी जास्त पीत. हे लिहायचं की नाही. प्रुफं तपासायचे, पत्रिकांवरच्या चुकासुद्धा लाल पेनने— हे लिहायचं की नाही. काढायचं काय.

आणि मग रडू आलं. ऑफिसात, खुर्चीत. दर्शना धावत आली. दोन वर्षं काही वाटलं नव्हतं. आज वाटलं. आज.

शनिवार, ६ डिसेंबर

चेहरा गेला. उंच होते, हे वहीत नाही तरी आठवतं. चेहरा नाही.

रामदासने विचारलं, का गप्प. त्याचा हात खांद्यावर. ओळखीचा वाटला. सत्तावीस वर्षांच्या ओळखीचा. भीती त्या ओळखीची वाटते.

वही बघ, बाय, मी पण लिवते. तुझा माणूस कसा होता ते मला ठाव नाय, नायतर सांगितलं असतं. लवकर लिव. मला वाटतं माझं पण काय काय जातंय. माझ्या आयचा—

सोमवार, ८ डिसेंबर

शेरा. शेवटचा मसुदा. हा टाइप करून लगेच कमिट.

कर्मचारी. हेमचंद्र नाईक. उंच. दारातून वाकून आत येत. मीठ कमी असलं तरी सांगत नसत. प्रुफं तपासत. चप्पल आधी उजवी घालत. मला लली म्हणत. आवाज

मोजलं. अजून बरीच जागा आहे. आवाजाचं लिहायचं आहे. आवाज जाड होता की— लली म्हणायचे. कोण म्हणायचं. हे म्हणायचे, वर लिहिलंय, हेम—

रामदास लली म्हणत नाही. रामदास काहीच म्हणत नाही, अगं म्हणतो.

लवकर. जे आहे तेच टाइप करते.

दर्शना मागे येऊन उभी आहे. पडद्यावर वाचते आहे. विचारते, हे हेमचंद्र कोण गं?

मी म्हटलं, हे माझे